ऐकूं येणें आणि तोल राहणें

ऐकणें ही कानाची गोष्ट आणि चालणें ही पायांची, अशी सर्वांची समजूत असते. रोजच्या व्यवहारांत ती खोटी ठरण्याचा प्रसंगहि फारसा येत नाहीं. पण जन्मतः बहिऱ्या असलेल्या मुलाच्या कानांत शस्त्रक्रिया करून विजेवर चालणारें यंत्र बसविलें जातें, तें सुरू होतें, मूल आयुष्यांत पहिल्यांदाच हांकेला वळून पाहतें, आणि ह्या आनंदाच्या भरांत घरांतील एखाद्या वडीलधाऱ्या बाईच्या नजरेस असें पडतें कीं, पोर आतां पूर्वींपेक्षां निराळ्या रीतीनें चालत आहे. तेव्हां त्या समजुतीला पहिला धक्का बसतो. एका घरीं म्हणतात, मूल धीट झालें, अंगणभर हिंडूं लागलें. दुसऱ्या घरीं म्हणतात, शस्त्रक्रिया झाल्यापासून तें अधिकच अडखळतें. नवल असें कीं, हीं दोन्हीं निरीक्षणें खरीं असूं शकतात. तीं कशीं, हें समजण्यास कानाच्या आंत डोकावल्यावांचून गत्यंतर नाहीं.

बाहेर दिसणारा कान हा नुसता दिंडीदरवाजा आहे. वाडा आंत आहे, आणि तो कानशिलाच्या हाडाच्या ज्या भागांत कोरलेला आहे, तो भाग सर्व शरीरांत अत्यंत कठीण समजला जातो. ह्या वाड्यांत दोन बिऱ्हाडें नांदतात. एक ऐकण्याचें: गोगलगाईच्या शंखाप्रमाणें अडीच वेढे घेतलेली एक नळी. तिला कॉक्लिआ असें नांव आहे. मराठींत शंखिका म्हणावयास हरकत नाहीं. दुसरें बिऱ्हाड तोलाचें: परस्परांशीं काटकोन करून बसलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या पायथ्याशीं दोन लहानशा पिशव्या. दोन्हीं बिऱ्हाडांचें पाणी एकाच आडाचें, म्हणजे एकच द्रव दोहोंकडे खेळतो. आणि दोहोंकडील बातमी मेंदूकडे नेणारे ज्ञानतंतु एकाच जुडग्यानें जातात. घर एक, पाणी एक, वाट एक. मग एका बिऱ्हाडाला आग लागली असतां दुसऱ्याला झळ पोंचूं नये, अशी अपेक्षा तरी कशी करावी?

तीन नलिकांचें काम समजावून घेण्यास फुगडीसारखा दुसरा दाखला नाहीं. फुगडी घालणाऱ्या दोघी जोरानें फिरूं लागल्या म्हणजे डोक्याबरोबर नलिका फिरतात, पण त्यांतील द्रव जडत्वामुळें मागें रेंगाळतो. ह्या रेंगाळण्यानें नलिकेंतील एक मऊ पडदा वांकतो, त्याच्या मुळाशीं असलेल्या केसाळ पेशी दबतात, आणि डोकें फिरत असल्याची वर्दी मेंदूस मिळते. फुगडी थांबली कीं नेमकें उलट घडतें. मुली थांबतात, नलिकाहि थांबतात, पण एव्हांना फिरूं लागलेला द्रव थांबत नाहीं. पडदा उलट दिशेस वांकतो, आणि स्थिर असलेलें अंगण, तुळशीवृंदावन, आकाश, सगळेंच गरगरूं लागतें. फुगडीनंतरची घेरी ती हीच. दोन पिशव्यांचें काम याहून निराळें. त्यांत चुन्याचे सूक्ष्म कण एका चिकट थरावर बसविलेले असतात. डोकें कललें, किंवा शरीर सरळ रेषेंत पुढें, मागें, वर वा खालीं झेपावलें, कीं ते कण सरकूं पाहतात, आणि त्यांच्या ओढीनें खालच्या पेशींना बातमी लागते. ह्या दोन पिशव्यांपैकीं जी शंखिकेला अगदीं भिंतीला भिंत लावून आहे, तिचें नांव सॅक्युल. तें ध्यानांत ठेवावें. पुढें दुखापत बहुधा तिच्याच वांट्याला येते.

तोलाचें इंद्रिय कानांत असतें, ही गोष्ट शास्त्रज्ञांनाहि फार उशिरां उमगली. फ्रान्समध्यें फ्लूरां यांनीं १८२४ च्या सुमारास पारव्यांच्या ह्या नलिका कापून पाहिल्या. पारवे बहिरे झाले नाहींत. पण मान हलवीत गिरक्या घेऊं लागले. तरीहि माणसाला घेरी येते ती मेंदूंत रक्त चढल्यानें, असेंच वैद्यक म्हणत राहिलें. पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य प्रॉस्पेर मेनिएर यांनीं १८६१ मध्यें घेरीचें मूळ अंतःकर्णांत असूं शकतें असें प्रतिपादन केलें, त्यानंतर मात्र पारडें फिरूं लागलें. पण ह्या विषयांतील सर्वांत मनोवेधक तपासणी अमेरिकेंत हार्वर्डच्या विल्यम जेम्स यांनीं केली, तेच जेम्स पुढें मानसशास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झाले. त्यांचा तर्क साधा होता. घेरी कानामुळें येत असेल, तर ज्यांचे कान निकामी झाले आहेत अशांपैकीं पुष्कळांना ती येतां कामा नये. १८८२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत ५१९ बहिऱ्यांना गरगर फिरवून पाहिल्याची हकीकत आहे. त्यांपैकीं १८६ जणांना घेरी मुळींच आली नाहीं, १३४ जणांना अगदीं थोडी आली, आणि उरलेल्या १९९ जणांना इतरांसारखी आली. उलट हार्वर्डमधील सुमारें २०० विद्यार्थी व अध्यापक यांना फिरविलें, तेव्हां घेरीवांचून सुटलेला असा एकच निघाला.

ह्याच गोष्टीचा उपयोग पुढें अंतराळप्रवासाच्या तयारींत झाला. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या आरमारी वैद्यकशाळेनें बहिऱ्यांच्या गॅलॉडेट कॉलेजांतील अकरा जणांची निवड केली. त्यांतील एक सोडून बाकी सर्वांची श्रवणशक्ति लहानपणीं मेंदूज्वरानें गेलेली होती, आणि तिच्याबरोबर तोलाचें इंद्रियहि गेलेलें होतें. फिरत्या खोलींत त्यांतील चौघांनीं सलग बारा दिवस काढले. एकदां तर त्यांना नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रांत बोटीनें नेलें; हे लोक निवांत पत्ते खेळत बसले, आणि त्यांची परीक्षा घेणारे शास्त्रज्ञच वांत्यांनीं इतके हैराण झाले कीं प्रयोग बंद करावा लागला. बोट लागणें हा तोलाच्या इंद्रियाचा दोष नसून त्याचा अतिरेकी जागरूकपणा आहे, हें ह्यावरून कळावें.

परंतु हे अकरा जण सपाट जमिनीवर इतरांसारखेच चालत होते, हेंहि विसरतां कामा नये. तें कसें? तर उभें राहण्यास शरीर एकाच इंद्रियावर विसंबत नाहीं. डोळे क्षितिज, भिंती, दारें पाहून सरळ रेषा सांगतात. तळपाय, घोटे आणि मानेचे स्नायु जमिनीचा दाब सांगतात. आणि कानांतील इंद्रिय डोक्याची हालचाल सांगतें. ह्या तीन पायांच्या तिवईचा एक पाय मोडला तरी माणूस उरलेल्या दोहोंवर निभावून नेतो. दिवस असला, जमीन टणक असली, तर पाहणाराला कांहीं उणें दिसतहि नाहीं. उणें दिसतें तें अंधारांत, वाळूंत, शेताच्या ढेंकळांत, पावसाळ्यांतील चिखलांत. म्हणजे जेथें दुसरा पायहि लटपटतो तेथें.

तें उणेपण आंतून कसें भासतें, याचें वर्णन एका अमेरिकन डॉक्टरनें १९५२ मध्यें लिहून ठेवलें आहे. क्षयासारख्या विकारावर वरदान ठरलेल्या स्ट्रेप्टोमायसीन ह्या औषधानें त्याचें तोलाचें इंद्रिय समूळ नष्ट झालें होतें. अंथरुणांत पडून वाचावयाचें म्हटलें तरी नाडीच्या ठोक्याबरोबर डोकें जें किंचित् हलतें, तेवढ्यानें अक्षरें उड्या मारीत. शेवटीं पलंगाच्या दोन गजांमध्यें डोकें टेकवून धरल्यावर त्याला ओळी वाचतां येऊं लागल्या. रस्त्यानें चालतांना समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखतां येत नसे. त्यासाठीं थांबावें लागे. कारण असें कीं, डोकें हललें कीं डोळ्यांनीं तितकेंच उलट फिरून दृष्टि स्थिर ठेवावी, ही आज्ञा कानांतून निघते, आणि ती एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आंत अमलांत येते. निरोगी माणसाला ह्या सेवकाच्या अस्तित्वाची जाणीवच नसते.

आतां प्रश्न असा कीं, ह्या तिवईला ऐकण्याचा चौथा पाय असतो काय? पुष्कळ काळ विद्वानांनीं ह्याकडे लक्ष दिलें नाहीं. वास्तविक आंधळा माणूस काठीच्या टक्टकीवरून भिंत जवळ आल्याचें जाणतो, आणि भोंवतालच्या गलबल्यावरून चौक ओळखतो, ही गोष्ट सर्वांच्या पाहण्यांतली आहे. पण ती मार्ग शोधण्यापुरती. नुसतें उभें राहण्यासहि आवाज उपयोगी पडतो ही कल्पना नवी आहे. तिची उपपत्ति अशी. समोर एका जागीं ठेवलेल्या रेडिओचा आवाज दोन्हीं कानांवर येतो. शरीर किंचित् डावीकडे झुललें कीं दोन कानांवर पडणाऱ्या आवाजांतील वेळेचा व मोठेपणाचा फरक बदलतो. हा फरक अत्यंत सूक्ष्म असतो, परंतु मेंदूला तो कळतो. आणि ज्याप्रमाणें डोळा खिडकीच्या चौकटीला धरून राहतो, त्याप्रमाणें कान त्या आवाजाला खुंटीसारखें धरून राहतो. खुंटी मात्र रोंवलेली पाहिजे. कानांत घातलेल्या ध्वनिनलिकेंतून येणारा आवाज डोक्याबरोबरच फिरतो, त्यामुळें तो खुंटीचें काम करीत नाहीं. आणि इकडून तिकडे सरकणारा आवाज तर कधीं कधीं माणसाला अधिकच झुलवितो.

हें अजमावण्यासाठीं अमेरिकेंत सेंट लुईस येथें एक लहानसा प्रयोग झाला, तो २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. कानाला श्रवणयंत्र लावणाऱ्या, ६५ ते ९१ वर्षांच्या १४ स्त्रीपुरुषांना डोळे झांकून मऊ गादीसारख्या फोमवर उभें करण्यांत आलें, आणि समोरून पावसाच्या सरीसारखा एकसुरी आवाज सोडण्यांत आला. यंत्र बंद असतां तीं माणसें सरासरीनें सुमारें १७ सेकंद टिकलीं. यंत्र चालूं असतां सुमारें २६ सेकंद. एका पावलापुढें दुसरें पाऊल टांचेला चवडा लावून उभें राहण्याच्या परीक्षेंत ५ सेकंदांचे १० झाले. चौदा माणसें म्हणजे कांहीं फार मोठी संख्या नव्हे. पण बहिरेपणा आणि पडणें यांचा संबंध त्यापूर्वींच मोठ्या संख्येवरून दिसून आला होता. ४० ते ६९ वर्षांच्या २०१७ अमेरिकनांची माहिती तपासून २०१२ मध्यें असें सांगण्यांत आलें कीं, ज्यांची श्रवणशक्ति थोडीशीच, म्हणजे २५ डेसिबलांनीं, कमी झाली आहे, त्यांच्यांत पडण्याचें प्रमाण जवळ जवळ तिपटीनें अधिक आहे. ह्यांतील किती भाग आवाजाची खुंटी सुटल्यामुळें आणि किती दोन्हीं बिऱ्हाडांना एकदम म्हातारपण आल्यामुळें, हें आंकड्यांवरून वेगळें करतां येत नाहीं. दोन्हीं कारणें असणें संभवनीय आहे.

येथपर्यंत विचार झाला तो साध्या श्रवणयंत्राचा. तें आवाज मोठा करून नैसर्गिक वाटेनेंच आंत पाठवितें. कॉक्लिअर इम्प्लांट ही वस्तु मुळांतच वेगळी. तिच्यांत आवाज मोठा केला जात नाहीं. त्याचें विजेच्या ठोक्यांत रूपांतर होऊन ते ठोके थेट श्रवणाच्या ज्ञानतंतूंना दिले जातात. १९५७ मध्यें पॅरिस येथें जुर्नो आणि एरिएस यांनीं विजेनें हा तंतु चेतवून बहिऱ्या माणसाला आवाजाचा भास करून दिला. १९६१ मध्यें लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस यांनीं शंखिकेंत तार घातली. आणि १९७८ मध्यें ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें ग्रेम क्लार्क यांनीं अनेक विद्युदग्रें असलेलें यंत्र बसविलें. वळणावळणाच्या शंखिकेंत तार न मोडतां कशी सरकवावी, ही क्लार्क यांची मोठी अडचण होती. १९७७ मध्यें समुद्रकिनाऱ्यावर बसले असतां एका शंखांत गवताची पाती सारून पाहण्याची त्यांना बुद्धि झाली, आणि बुडाशीं ताठ व टोंकाशीं लवचीक असलेली पाती वेढ्यांतून सहज आंत जाते असें त्यांना आढळलें. तारेची घडण त्यावरूनच ठरली.

कानामागें असलेला ध्वनिग्राहक व गणकयंत्र, त्वचेवर चुंबकानें चिकटणारें वेटोळें, त्वचेखालीं पुरलेला ग्राहक, आणि त्यापासून शंखिकेंत गेलेली बारीक तार, असा ह्या यंत्राचा संसार. तारेवर विद्युदग्रें असतात तीं सामान्यतः बारापासून बावीसपर्यंत. निरोगी शंखिकेंत मेंदूला बातमी देणाऱ्या आंतल्या ओळीच्या केसाळ पेशी सुमारें साडेतीन हजार असतात. साडेतीन हजार पेशींचें काम बावीस विद्युदग्रांनीं करावयाचें, तेव्हां बोलणें समजतें हेंच आश्चर्य मानावें लागेल. पण तोलाच्या दृष्टीनें जी गोष्ट मोलाची, म्हणजे दोन कानांतील वेळेचा सूक्ष्म फरक, ती ह्या यंत्रांतून फार अंधुक पोंचते; आवाजाच्या मोठेपणांतील फरक त्यामानानें बरा कळतो. आणि एकाच कानांत यंत्र असेल तर दोन कानांची तुलना करण्याचा प्रश्नच मिटला. म्हणून ह्या यंत्रानें मिळणारी खुंटी ही भिंतींत पक्की ठोकलेली खुंटी नव्हे. ती थोडी हलते. तरी मुळींच नसण्यापेक्षां ती बरी. कॅनडांत टोरोंटो येथील बालरुग्णालयांत यंत्र लावलेल्या मुलांची तोलाची परीक्षा एकदां यंत्र चालूं ठेवून आणि एकदां बंद करून घेतली, तेव्हां चालूं असतांना निकाल थोडासा पण निश्चितपणें चांगला आला.

ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू शस्त्रक्रियेंत आहे. तार शंखिकेच्या पहिल्या वेढ्यांत शिरते तेव्हां तिच्या शेजारींच ती सॅक्युल नांवाची पिशवी असते. द्रवाचा दाब बदलला, पडदा फाटला, पुढें सूज आली किंवा आंत वण धरला, तर पहिला फटका तिला बसतो. तीन नलिकांना तो त्यामानानें कमी वेळां बसतो. शस्त्रक्रियेनंतर कांहीं दिवस अनेकांना घेरी येते, आणि बहुतेकांची ती थोड्या आठवड्यांत जाते. कारण दुसरा कान शाबूत असेल तर मेंदू नवा हिशेब मांडून घेतो. अलीकडे तार अधिक बारीक व मऊ झाली आहे, आणि शल्यवैद्य ती अगदीं सावकाश सारतात, हा त्यावरील उतारा. खरी चिंता दुसऱ्या कानाची. दोन्हीं कानांत यंत्र असणें ऐकण्याच्या दृष्टीनें निःसंशय हितकर. आवाजाची दिशा कळते, गोंगाटांत बोलणें उमगतें. पण पहिल्या कानाच्या शस्त्रक्रियेंत तोलाचें इंद्रिय दुखावलें असेल, आणि दुसऱ्या कानांतील इंद्रियावरच मूल उभें असेल, तर तो उरलेला टेकू धोक्यांत घालावयाचा कीं नाहीं, हें ठरविणें सोपें नसतें. म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वीं दोन्हीं बाजूंची तोलाची तपासणी करून घ्यावी, असा आग्रह आतां जाणते वैद्य धरूं लागले आहेत. ज्यांची श्रवणशक्ति वाचवावयाची ते आईबाप ह्या तपासणीविषयीं क्वचितच विचारतात. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. बोलूं लागणें हीच ज्यांची तहान, त्यांना चालण्याची आठवण कशी व्हावी?

दुसराहि एक मुद्दा येथें न्यायानें सांगितला पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर मूल अडखळतें म्हणून शस्त्रक्रियेला बोल लावणें पुष्कळदां अन्यायाचें असतें. यंत्र बसविलेल्या मुलांपैकीं निम्म्याच्या आसपास मुलांत तोलाच्या इंद्रियाचा कांहीं ना कांहीं दोष सांपडतो, आणि तो बहुधा आधींपासूनचा असतो. मेंदूज्वर, गर्भावस्थेंत झालेला विषाणूंचा संसर्ग, किंवा जन्मजात घडण; कारण कोणतेंहि असो, आग एकदम दोन्हीं बिऱ्हाडांना लागलेली असते. असें मूल मान उशिरां धरतें, उशिरां बसतें, आणि जेथें इतर मुलें वर्षाच्या आगेमागें पाऊल टाकतात तेथें हें दीड वर्ष उलटलें तरी टाकीत नाहीं. घरचीं माणसें समजतात कीं ऐकूं येत नाहीं म्हणून तें मंद आहे. अशा मुलांतील कांहीं थोड्यांना उशर नांवाचा आनुवंशिक विकार असतो. त्याच्या पहिल्या प्रकारांत जन्मतः बहिरेपणा आणि तोलाचा अभाव असतोच, पण लहानपणींच रातांधळेपणा सुरू होऊन पुढें दृष्टीचें क्षेत्र आंकसत जातें. तिवईचा एक पाय जन्मतःच नाहीं, आणि दुसरा वर्षांगणिक झिजतो आहे! अशा मुलाला वेळेवर ऐकूं येऊं लागणें ही चैन नव्हे. डोळे थकतील तेव्हां जगाशीं धागा राहील तो त्याच वाटेनें. उशिरां चालणाऱ्या बहिऱ्या मुलाचे डोळे तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे, असें सांगतात तें ह्याचसाठीं.

तोल गेलेलें मूल पडतें, आणि पडतांना डोकें आपटतें. त्वचेखालीं पुरलेला ग्राहक कानामागेंच असल्यामुळें त्यालाहि मार बसतो. ज्या मुलांचें तोलाचें इंद्रिय निकामी आहे, त्यांचीं यंत्रें बिघडण्याचें व दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागण्याचें प्रमाण इतरांपेक्षां जास्त असतें, असें टोरोंटोच्याच वैद्यांना दिसून आलें. म्हणजे तोलाची काळजी ही पायांपुरती राहत नाहीं. ती फिरून कानाशींच येते.

हें सर्व झालें उभें राहण्यासंबंधीं. चालणें ही निराळीच गोष्ट आहे. उभा असलेला माणूस तोल राखतो. चालणारा प्रत्येक पावलाला तो जाणूनबुजून घालवितो आणि पुढच्या पावलावर परत पकडतो. फोमवर उभें राहतांना यंत्राचा जो फायदा स्पष्ट दिसतो, तो चालण्यांत तितका स्पष्ट दिसत नाहीं. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत श्रवणयंत्रें आणि कॉक्लिअर इम्प्लांट वापरणाऱ्यांची चाल यंत्रें चालूं असतां आणि बंद असतां मोजली. सरासरींत म्हणण्यासारखें अंतर पडलें नाहीं, मात्र माणसामाणसांत फरक होता. हा निकाल निराशाजनक वाटेल, पण विचारान्तीं तो अपेक्षितच आहे. भोंवतालीं कांहीं अडचण नसेल, डोळे उघडे असतील, जमीन सपाट असेल, तर चालणारा कानाची मदत मागतो तरी कशाला?

शिवाय चालतांना मनाचा एक हिस्सा खर्ची पडतो. १९९७ मध्यें स्वीडनमधील एका अभ्यासांत ५८ वृद्धांशीं चालतां चालतां बोलणें काढलें. त्यांपैकीं १२ जण उत्तर देण्यासाठीं थांबले. आणि ह्या बारापैकीं दहा जण पुढील सहा महिन्यांत पडले. बोलणें आणि चालणें हीं एकाच तिजोरींतून पैसे काढतात, असा ह्याचा अर्थ. ज्याला ऐकण्यासाठींच कान टवकारून, ओंठांकडे बघत, अंदाज बांधीत बसावें लागतें, त्याच्या तिजोरींत पावलांसाठीं शिल्लक थोडी उरते. यंत्रामुळें ऐकण्याचे श्रम हलके झाले तर ती शिल्लक वाढावी. उलट नवीनच यंत्र लावलेल्या प्रौढ माणसाला पहिले कांहीं महिने तो कर्कश, अपरिचित आवाज उलगडण्यांतच इतकें मन घालावें लागतें कीं, रहदारींत तो अधिकच गोंधळण्याचा संभव असतो. अशा माणसाशीं रस्ता ओलांडतांना बोलणें काढूं नये. ही साधी गोष्ट घरच्यांनीं पाळली तरी पुष्कळ झालें.

ऐकण्यासाठीं घातलेल्या तारेकडूनच तोलाचें काम करून घेतां येईल काय, असाहि प्रयत्न चालूं आहे. टोरोंटोच्या संशोधकांनीं डोक्याचा कल मोजणारें एक लहान साधन मुलांच्या दोन्हीं यंत्रांना जोडलें. डोकें एका बाजूस कललें कीं त्या बाजूच्या यंत्रांतून खूण ऐकूं येते. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, ज्यांचें तोलाचें इंद्रिय दोन्हीं बाजूंनीं गेलेलें होतें अशा मुलांना ह्या खुणेनें अधिक स्थिर उभें राहतां आलें. दुसरा मार्ग अधिक धाडसाचा. त्यांत श्रवणतंतूंऐवजीं तोलाच्या तंतूंनाच विजेचे ठोके देण्यांत येतात. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत आठ माणसांना असें यंत्र बसविण्यांत आलें, आणि त्यांचें उभें राहणें व चालणें सुधारल्याचें २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यासाठीं त्याच कानाची श्रवणशक्ति धोक्यांत घालावी लागते. शेजारधर्म हा असा उभयपक्षीं आहे.

भारतांत केंद्र सरकारच्या अडिप योजनेखालीं पांच वर्षांपर्यंतच्या पात्र बालकांना कॉक्लिअर इम्प्लांट मोफत मिळतें, आणि ह्या कामाचें सूत्रचालन मुंबईस वांद्रे येथील, १९८३ मध्यें स्थापन झालेली, अली यावर जंग राष्ट्रीय संस्था पाहते. यंत्र बसविल्यानंतर वाणीचें शिक्षण दीर्घकाळ घ्यावें लागतें, हें आतां आईबापांना ठाऊक झालें आहे. तोलाच्या शिक्षणाला तर खर्चहि पडत नाहीं. लंगडी, फरशीच्या रेघेवरून चालणें, गादीवर उभें राहून चेंडू झेलणें, चालतांना मान वळवून भिंतीवरचें चित्र ओळखणें, हे त्याचे पाठ. जें मूल सवंगड्यांच्या बरोबरीनें लंगडी घालूं शकत नाहीं, डोळे मिटून एका पायावर क्षणभरहि उभें राहत नाहीं, त्याच्या तोलाची तपासणी करून घ्यावी.

विहिरींत किंवा नदींत पोहणें ही मात्र वेगळी बाब आहे. पाण्याखालीं पायाला जमीन नसते, डोळ्यांना क्षितिज नसतें, आणि यंत्राचा बाहेरील भाग बहुधा कांठावर काढून ठेवलेला असतो. तोलाचें इंद्रिय नसलेल्या माणसाला अशा वेळीं वर कोणतें आणि खालीं कोणतें हेंच कळेनासें होतें. जेम्स यांनीं १८८२ मध्येंच ह्या धोक्याकडे लक्ष वेधलें होतें. अशा मुलानें पोहूं नये असें नाहीं. एकट्यानें पोहूं नये, आणि गढूळ पाण्यांत बुडी मारूं नये.

रात्रीचेंहि तसेंच. निजतांना मूल यंत्र काढून ठेवतें. मध्यरात्रीं तें पाणी प्यावयास किंवा मोरीवर जावयास उठतें तेव्हां डोळ्यांपुढें अंधार असतो, कानांत शांतता असते, आणि पाय झोंपेनें जड झालेले असतात. त्यांतून उंबरठा, पाट, घागर हीं वाटेंत. माजघरापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर एक मंद दिवा रात्रभर ठेवावा, आणि मुलाच्या उशाशीं, त्याच्या हातास लागेल अशा जागीं, आणखी एक.